दहावी गाठ

दोरीला अठरा गाठी होत्या, दर मीटरला एक. पहिल्या तीन गाठी पाण्याने आणि हातांनी काळ्या पडलेल्या. चौथी करडी. पाचवीपासून पुढची दोरी आठ महिन्यांपूर्वी दुकानातून आणली होती तशीच पांढरी. दहाव्या गाठीच्या आतल्या वळणावर मोहरीएवढा निळा ठिपका होता, आणि सहा आठवड्यांत तो जराही फिकटला नव्हता.

ठिपका तिनेच दिला होता, साध्या शाईच्या पेनाने. त्याच शाईचा दुसरा ठिपका तिने दोरीच्या एका तुकड्यावर देऊन तो तुकडा पाण्याच्या ग्लासात सोडला होता. कपातला चहा निवायच्या आत ठिपका गेला आणि पाण्याला निळसर झाक आली. म्हणजे शाईत खोट नव्हती. तरी तिसऱ्या आठवड्यानंतर आणखी तीन आठवडे तिने संशय शाईवरच घेतला, कारण शाई तिची कोणी लागत नव्हती.

मामा लागत होते.

गावाला पाणी देणाऱ्या तलावाच्या काठी जी तीन खोल्यांची प्रयोगशाळा होती, तिथे ती पाणी तपासायची. तलावात पाच ठिकाणी लाल पिंपं तरंगत ठेवली होती. दर मंगळवारी मामा होडी घेऊन त्या पाचही ठिकाणी जायचे, नळकांडं दोरीने खाली सोडायचे, वर ओढायचे आणि बाटल्या भरून आणायचे. पाचवी जागा सगळ्यात खोल, गावाचं पाणी जिथून आत घेतात त्या मनोऱ्याजवळची. तिथे अठरावी गाठ हातात येईपर्यंत दोरी सोडायची, असा नियम. मामांनी तो तेवीस वर्षं पाळला होता. आई गेल्यावर ती सात वर्षांची असताना त्यांच्या घरी आली, ती याच होडीच्या कमाईवर शिकली, आणि इथे जागा निघाली तेव्हा प्रयोगशाळेच्या साहेबांकडे शब्दही मामांनीच टाकला होता.

गेले आठ महिने मात्र पाचव्या जागेची बाटली काहीतरी वेगळंच सांगत होती. किंवा नेमकं म्हणायचं तर, काहीच वेगळं सांगत नव्हती. वरच्या पाण्यात जेवढा प्राणवायू, तेवढाच अठरा मीटर खाली. दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा तोच. सख्ख्या बहिणी इतक्या सारख्या नसतात. त्यात मामा पाच जागा चाळीस मिनिटांत उरकून परत येत होते. जाऊन यायलाच तेवढा वेळ लागतो, हे तिने घड्याळ लावून बघितलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि दर आठवड्याच्या अहवालाखाली सही तिची होती.

सोमवारी रात्री जेवताना मामींनी उशीचा एक अभ्रा आणून दोघांच्या मधे धरला. पांढऱ्या कापडावर शाई सांडून धुतल्यासारखे काळपट डाग.

"हे बघा. तिसरा अभ्रा. शेजारीण म्हणते नळाला वासही येतो. तुमच्या तलावाला झालंय काय?"

"पाइप जुने झालेत," मामा म्हणाले.

"पाइप जुने, साबण नवा, मी म्हातारी. तुम्ही दोघं तेवढे ठणठणीत."

तिने ताटातला भात कालवला. मग, स्वतःलाही नवल वाटावं इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं, "मामा, दोरी बदलायची का? जुनी झाली असेल."

मामांनी तिच्याकडे बघितलं. घास तोंडात होता, तो त्यांनी पुरता चावून गिळला.

"दोरीला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "राहू दे."

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीपेक्षा तासभर आधी निघाले. खुंटीवरची दोरी गेली होती, नळकांडं गेलं होतं, बाटल्यांची पेटी गेली होती. तिच्या मनात पाल चुकचुकली. काल दोरीचा विषय निघाला आणि आज ही घाई. आता परत आल्यावर सांगतील, दोरी तुटली, नळकांड्यासकट तळाला गेली. तिने मनाशी ते वाक्य मामांच्या आवाजात म्हणूनही पाहिलं. छान जमलं. तेच तिला सोसवेना.

चाळीस मिनिटं झाली. तास झाला. अडीच तासांनी धक्क्यावरून नावाड्याचा फोन आला. हा नावाडी लोकांना तलावात फिरवून आणायचा आणि धक्क्याची राखणही करायचा. तिच्या आकड्यांवरून तो तिला दशांशताई म्हणायचा.

"दशांशताई, तुमच्या मामांची होडी पाचव्या पिंपापाशी उभी आहे. तासभर झाला, हलत नाही. वारा वाढलाय. मी मोठी होडी काढतोय, येताय?"

"पाचव्या?"

"पाचव्याच. मलाही खरं वाटेना, म्हणून दुर्बीण लावली."

ती धक्क्यावर पोहोचली तेव्हा इंजिन चालूच होतं. नावाड्याने तिला लाइफ जॅकेट दिलं, पट्टे ओढून बघितले, आणखी एक जॅकेट मामांसाठी घेतलं. एक लांब दोर, एक बादली, वल्ह्याची जोडी. सगळं त्याने मोजून पायाशी ठेवलं. तिला त्या वेळी त्याचं हे मोजणं फार बरं वाटलं.

आडोसा सुटताच लाटा लागल्या. त्यांच्या टोकांना पांढरं दिसायला लागलं होतं.

"तुम्ही 'मलाही खरं वाटेना' म्हणालात," ती म्हणाली. "का?"

नावाड्याने एक लाट तिरकी घेतली.

"मामा हल्ली त्या टेकाडाच्या वळणामागे जातात. तिथे होडी लावतात, बाटल्या भरतात, जरा पडतात, येतात. खांदा चोळत बसलेले मी पाहिलेत दोनदा."

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत."

"ताई, मी होड्या मोजतो. बाटल्या मोजायला तुम्ही आहात." मग त्याला वाटलं असावं की हे जास्तच लागलं. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असणार. घरचंच माणूस. मामांनी अख्ख्या गावाला मामा बनवलं तरी भाचीला कसं बनवतील?"

त्यावर द्यायला तिच्याकडे दोन उत्तरं होती, आणि त्यातलं खरं होतं ते जास्त वाईट होतं.

जवळ गेल्यावर चित्र स्पष्ट झालं. होडीचं तोंड वाऱ्याकडे हवं, तर तिची पाठ वाऱ्याकडे होती. मागच्या बाजूला, इंजिनाखाली, दोरी ताणून पाण्यात गेलेली. प्रत्येक लाट मागच्या फळीवर आपटून आत येत होती आणि मामा जेवणाच्या डब्याने पाणी उपसत होते. डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, जणू दुसऱ्या कोणाचा सांभाळायला दिला होता.

"पंख्यात दोरी गुंतलीय," नावाडी म्हणाला. "आणि दोरीचं दुसरं टोक खाली कशात तरी अडकलंय. पाठीमागून नांगरल्यासारखी झालीय होडी. अशीच राहिली तर अर्ध्या तासात भरेल." मग आवाज चढवून त्याने हाक मारली, "मामा, दोरी कापा. चाकू नाही का?"

मामांनी उपसायचं न थांबवता बाकाकडे मान हलवली. बाकावर चाकू उघडाच ठेवलेला होता.

"मग कापा की."

"नाही कापणार."

नावाड्याने तिच्याकडे पाहिलं. "उन्हाने डोकं फिरलंय का यांचं?"

त्याने लांबून वळसा घेतला, वारा जिकडे वाहत होता त्या बाजूने हळूहळू पुढे सरकला आणि दोर फेकला. पहिला पाण्यात पडला. दुसरा मामांच्या गुडघ्यांवर. आधी त्याने जॅकेट घालायला लावलं. उजवा हात त्यातून जाईना, तेव्हा ते नुसतं गळ्यात अडकवून पट्टा कमरेला बांधायला सांगितलं. मग होडीच्या पुढच्या कडीला दोर. मामांना गाठ मारायला एका हाताने वेळ लागला, पण गाठ पक्की मारली.

दोन होड्या एकमेकींना टेकल्या, सुटल्या, पुन्हा टेकल्या. नावाड्याने तिला दंडाला धरून थोपवलं. "थांबा. लाट येऊन गेली की. आता." ती पलीकडे उतरली ती घोटाभर पाण्यात.

बाटल्यांची पेटी पुढच्या टोकाला, उंचावर बांधलेली होती. तिची नजर आधी तिकडेच गेली. मग बाकाखाली, दोरीच्या वेटोळ्यांकडे. वेटोळी नव्हतीच. सगळी दोरी बाहेर होती.

"मामा, चाकू द्या."

"आधी ऐक. मग काप." मामांचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज घरच्यासारखा. "मी कापली असती तर तू काय म्हणाली असतीस?"

तिने नावाड्याच्या होडीतून आणलेली बादली पाण्यात बुडवली.

"म्हणाली असतीस, मुद्दाम बुडवली. तो निळा ठिपका तळाला घातला आणि मोकळे झाले."

तिच्या हातात बादली होती. ती तशीच राहिली.

"तुम्ही पाहिला होता?"

"पहिल्याच दिवशी. तेवीस वर्षं दोऱ्या हाताळतोय, हिच्यावर माशी बसली तरी कळतं मला. ओल्या बोटाने पुसता आला असता. एकदा पुसला असता तर तुझा सगळा हिशेब चुकला असता, होय ना?"

होय. त्या प्रयोगातली ती एकच मोठी चूक होती, आणि सहा आठवड्यांत ती तिच्या लक्षात आली नव्हती. ज्याच्यावर संशय, त्याच्याच हातात पुरावा ठेवला होता.

"मग पुसला का नाहीत?"

"एवढा बनेल असतो तर खांदा दुखतो म्हणून साहेबांपुढे रडून टेबलावरचं काम मागून घेतलं असतं." एक लाट आत आली. मामांनी डबा भरून बाहेर टाकला. "वाटलं, आज विचारेल, उद्या विचारेल. तू दोरीला विचारत राहिलीस. मला विचारलंच नाहीस."

"ताई," नावाडी पलीकडून म्हणाला, "मामा-भाचीचं घरी जाऊन करा. पाणी वाढतंय."

तिने चाकू घेतला, मागच्या फळीवर पोट टेकलं आणि वाकली. दोरी लोखंडाच्या सळईसारखी ताठ होती. पाण्याच्या वर कुठलीच गाठ दिसत नव्हती. दहावी कुठे होती, भिजली होती की नाही, काहीच दिसण्यासारखं नव्हतं. तिने दोन वेळा चाकू ओढला, तिसऱ्यांदा दोरी आपोआप तुटली आणि पाण्यात शिरली. होडी मोकळी झाली, डगमगली, आणि पुढच्या दोराला धरून हळूहळू वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. पाणी आत यायचं थांबलं.

नावाड्याने मामांना आपल्या होडीत घेतलं. एक पाय, मग कंबर, मग दुसरा पाय. तिने पेटी सोडून त्यांच्या मागोमाग दिली आणि स्वतः आली. रिकामी होडी मागे दोराला बांधून ते सावकाश निघाले. नावाडी मधेमधे मागे वळून दोराचा ताण बघत होता.

पेटी मामांनी मांडीवर घेतली होती. त्यांनी झाकण उघडलं आणि शेवटच्या खणातून एक बाटली काढून डाव्या हातात धरली. तिच्या गळ्याशी दोरा बांधलेला, चिठ्ठीवर मामांचंच अक्षर: पाच, खोल.

ती बाटलीकडे नव्हे, हाताकडे बघत होती. हात होडीच्या काठापासून वीतभर अंतरावर होता. एक धक्का पुरे, आणि वारा होता, कोणी काही म्हणालं नसतं. एवढं ऐकूनही तिची नजर त्या वीतभर अंतरावरून हलेना. संशय घरात यायला दारातून येतो, पण जाताना त्याला दार सापडत नाही.

"एकदा गेलं होतं नळकांडं तळापर्यंत," मामा म्हणाले. "अठरावी गाठ हातात धरून. वर ओढायला पाव तास लागला. मधे तीन वेळा पायाखाली दाबून धरली दोरी. बाटली भरली, तुझी दोन्ही औषधं घातली. नेहमी घालतो तशीच. तर हे असं झालं. म्हटलं औषध नासलं. म्हणून दुसरी बाटली भरायला पुन्हा सोडलं, ते खाली कुठल्या तरी बुडालेल्या झाडाच्या खोडात अडकलं. हाताने निघेना, म्हणून इंजिनाने ओढू गेलो, आणि पंख्याने दोरी गिळली. तेवीस वर्षांत असा गाढवपणा केला नव्हता."

त्यांनी बाटली तिच्याकडे केली. तिने दोन्ही हातांनी घेतली.

पाण्यात प्राणवायू असला की त्या दोन औषधांनी तपकिरी गाळ बनतो. जितका प्राणवायू जास्त तितका गडद. आठ महिने पाचव्या जागेची बाटली चहाच्या रंगाची येत होती. या बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ दुधासारखा पांढरा होता. तिने ती उन्हात धरली, उलटीसुलटी केली. तपकिरी रंगाचा कणही नाही. तिने शेजारची बाटली काढली, पहिल्या जागेची. ती नेहमीसारखी तपकिरी होती. औषध तेच होतं.

पेटीत त्याच पाण्याची आणखी एक बाटली होती, औषध न घातलेली. तिने तिचं बूच सैल केलं. नासक्या अंड्याचा वास आला. नावाड्याने सुद्धा मान वळवली.

"औषध नासलेलं नाही, मामा."

"मग?"

"खाली प्राणवायू शिल्लकच नाही. असं झालं की तळाच्या चिखलातलं काळं पाण्यात उतरतं. अभ्र्यांवर दिसतं ते. आणि गावाला सगळं पाणी मनोऱ्याच्या खालच्या झडपेतून जातंय."

मामांनी मागच्या रिकाम्या होडीकडे पाहिलं.

"मी म्हणायचो, वरचं काय, खालचं काय, तलाव तर एकच." त्यांनी जॅकेटच्या पट्ट्याशी चाळा केला. "म्हणजे मी खरी बाटली आणली असती तर—"

"तर साहेबांनी खालची झडप तेव्हाच बंद करून वरची उघडली असती."

"आठ महिने."

"हो."

तिने 'सगळे आठ नाही' असं म्हणायला तोंड उघडलं होतं. थंडीत तळाचं पाणी बरं असतं, बिघडलं असेल ते गेल्या दोन-तीन महिन्यांत. हे खरंही होतं. पण शेवटचे सहा आठवडे त्यात मामांचे किती आणि तिचे किती, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ आला आणि तिने तोंड मिटलं.

धक्का दिसायला लागला. कठड्यापाशी साहेब उभे होते, डोक्यावर वर्तमानपत्र धरून.

"तीन आठवड्यांनी माझा निरोप समारंभ आहे," मामा म्हणाले. तिच्याकडे न बघता. "साहेब भाषणात म्हणणार आहेत, एकही मंगळवार चुकला नाही. मला दाखवलं त्यांनी लिहिलेलं."

आता येणार, तिला वाटलं. आता म्हणणार, तेवढे तीन आठवडे थांब. तिच्या मनात ते वाक्यही तयार होतं, मामांच्याच आवाजात.

"आणखी काही नाही," मामा म्हणाले. "सांगितलं नुसतं."

होडी टायरांना टेकली. नावाड्याने दोर खुंट्याला टाकला, उतरला, आणि मामांना काखेत हात घालून वर घेतलं. साहेब पुढे आले. चांगला माणूस, पण घाईचा. त्यांना प्रत्येक गोष्ट एका ओळीत लागायची.

"सापडले एकदाचे. लागलं नाही ना कुठे? बरं झालं. मामा, या वयात कशाला हो ही साहसं?" मग तिच्याकडे वळून त्यांनी खिशातून पेन काढलं. "नोंद करावी लागेल. दोरी अडकली, होडी बंद पडली, सुखरूप आणली. एवढंच लिहितो. बाकी सगळं ठीक ना?"

मामा खुंट्यावर बसले होते. नावाडी मागची होडी ओढून घेत होता, आणि कधी नव्हे ते काहीच मोजत नव्हता. तिच्या दोन्ही हातांत एकेक बाटली होती, एक तपकिरी आणि एक पांढरी. त्या तिने साहेबांच्या समोर, कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"नाही साहेब, ठीक नाही," ती म्हणाली. "खालची झडप आत्ता बंद करायला सांगा. पाचव्या जागेचे आठ महिन्यांचे आकडे खोटे आहेत. त्यांतल्या शेवटच्या सहा आठवड्यांचे खोटे आहेत हे मला माहीत होतं, आणि मी सही केली."